कोकिळाचा बोल्या

भोकरवाडीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा अमडापूरला आमच्या घरात सगळ्यांची तोंडं उतरली होती. आम्ही माळी, घरचा भाजीपाल्याचा धंदा. सासूबाईंना काळजी माझी कमी आणि पहाटे मेथीच्या जुड्या कोण बांधणार याची जास्त होती. "लोणार तालुका? बीबी गावाच्या बी पलीकडं? आन् थे बी आंधाच्या वाडीत?" असं त्या येईल-जाईल त्याला विचारत होत्या. मी म्हटलं, सरकारनं पाठवलंय, मी काही रुसून चालले नाही. शाळेमागं एक खोली मिळाली. सोमवारी जायचं, शनिवारी दुपारी परत. याला आता सहा वर्षं झाली. वाडी मला मॅडम म्हणते. मॅडम म्हणजे मान, तसंच मॅडम म्हणजे पाहुणी, हे कळायला मला बराच वेळ लागला.

पण सांगायचंय ते माझं नाही, कोकिळा डाखोरेचं.

वाडी चाळीसेक घरांची, सगळी आंध समाजाची. आंध म्हणजे आदिवासी, पण पुस्तकातल्या चित्रात असतात तसे नव्हेत. शिंगांचे मुकुट नाहीत, वेगळी भाषा नाही. आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलतात, सोयाबीन-तूर पेरतात, पोरांची नावं गणेश आणि हर्षल ठेवतात. वेगळं असेल तर ती त्यांची बैठक. तुरी झोडून झाल्या की माघातल्या एका दुपारी सगळी वाडी लिंबाखाली बसते. पुढं बसतो मोहतक्या, म्हणजे त्यांचा पुढारी. सध्या भगवानराव आहेत. सत्तरी ओलांडलेला माणूस, ऐकू कमी येतं असं दाखवणारा आणि सगळं ऐकणारा. कुणाचा बांध सरकला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला घराला जागा हवी, हे सगळं तिथं निघतं. कागदावर ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, ग्रामसेवक तर आहेच आहे. पण बैठकीनं हो म्हटल्याशिवाय वाडीत कुणी घराची खुंटी ठोकत नाही.

आणि या बैठकीची एक रीत आहे, ती फक्त भोकरवाडीची. शेजारच्या वाडीत विचाराल तर हसतील. इथं कुणी स्वतःबद्दल स्वतः बोलत नाही. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं गप्प बसायचं आणि त्याच्या वतीनं दुसऱ्यानं उभं राहायचं. त्या दुसऱ्याला बोल्या म्हणतात. बाई असो की बाप्या, बोल्याच. तो रक्ताचा चालत नाही, सासरचा चालत नाही आणि वाडीबाहेरचा तर मुळीच नाही. शिवाय त्याला पढवून आणलेलं चालत नाही. तो उभा राहिला की मोहतक्या आधी त्यालाच तपासतो. ज्याच्यासाठी आलास, त्याची झोप सध्या कशानं उडते? त्याचं दुखणं कोणतं? तो शेवटचा रडला कधी? उत्तरं बरोबर आली तरच पुढचं ऐकायचं. ज्याला माणूसच माहीत नाही त्याला त्याचं गाऱ्हाणं काय माहीत असणार, असा त्यामागचा सरळ हिशेब.

कोकिळानं या रीतीवर पीएच.डी. केली.

ती याच वाडीची. इंद्रभान डाखोऱ्याची थोरली. चौदाव्या वर्षी शिकायला बाहेर पडली ती आधी मेहकरच्या वसतिगृहात, मग बुलढाण्याला, मग अमरावतीला विद्यापीठात. आई भिमाबाई ती अकरावीत असताना गेली, बाप नंतर गेला. दोन्ही वेळी ती दिवस करून परत वसतिगृहात गेली, कारण परीक्षा होती. वाडीत तिच्या वयाच्या बायकांच्या मुली आता लग्नाला आल्यात. ती एकटीच राहिली. लग्न का केलं नाही, हे विचारायचं धाडस माझं कधी झालं नाही. खरं सांगायचं तर तिनं ती वेळच येऊ दिली नाही.

कारण कोकिळा विचारायची. नाव कोकिळा, पण स्वतः गाईल तर शपथ. दुसऱ्याला गायला लावण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदा माझ्या खोलीवर आली तेव्हा तासाभरात तिला माझ्या सासूबाईंचं, मेथीच्या जुड्यांचं, माझ्या पाठीच्या मणक्याचं आणि नवऱ्याच्या अबोल्याचं सगळं कळलं होतं. ती निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मला तिचं आडनाव सोडून काहीच कळलेलं नाही. मला रागच आला. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी पुन्हा तेच केलं, भडाभडा बोलले. वाडीत एकटं राहणाऱ्या बाईला कुणी विचारणारं भेटलं की असंच होतं.

ही खोड तिला बाहेर शिकताना लागली. हे तिनंच मला एकदा सांगितलं, तेही बोलता बोलता, भांडी विसळताना. विद्यापीठात 'आदिवासी स्वशासन' असा एक पेपर होता. पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला आपापल्या समाजाबद्दल बोलायला लावलं. गोंड मुलगी बोलली, मेळघाटातला कोरकू मुलगा बोलला, वर्ग कौतुकानं ऐकत होता. कोकिळानं आंध म्हटल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "तू तं आमच्यावानीच दिसतं, तू कायची आदिवासी?" सगळे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. पुढं पुण्याच्या एका चर्चासत्रात तिनं निबंध वाचला. रीत ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाच्या वेळी एका बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही स्वतः त्यांच्यातल्या? वाटत नाही हो." तेव्हापासून ती बाहेर छापील मराठी बोलते. वाडीत आली तरी पहिली दोन वाक्यं छापीलच निघतात, मग गाडी रुळावर येते.

"ताई," ती मला म्हणाली होती, "विचारनाऱ्याले कोनी विचारत नाही. मी शिकले ते एवढंच." मला ताई म्हणणारी वाडीत ती एकटीच.

तिचं संशोधन वाडीनं पाहिलेलं आहे. सुट्टीत यायची, फोन रेकॉर्डिंगला लावून ओसरी-ओसरीवर बसायची. कुणी कुणासाठी बोल्या म्हणून उभं राहिलं, काय विचारलं, काय सांगितलं. म्हाताऱ्या खूश असायच्या. त्यांच्या सुनांना ऐकायला वेळ नव्हता आणि ही पोरगी सासुरवासापासून ते पडलेल्या दातापर्यंत सगळं ऐकून घ्यायची. तलाठ्याला वाडीची जेवढी माहिती नसेल तेवढी हिला झाली. चहा घे म्हटलं तर म्हणायची, "नको, पुढच्या घरी जायचंय." आणि उठताना म्हणायची, "धन्यवाद." वाडीत धन्यवाद कुणी म्हणत नाही. ती गेल्यावर पोरं एकमेकांना धन्यवाद म्हणून खिदळायची.

तिचा प्रबंध मी वाचला. सगळा नाही, पण मधलं प्रकरण वाचलं. एक वाक्य असं होतं की या रीतीमुळे भोकरवाडीत एकही माणूस एकटा राहू शकत नाही. कारण प्रत्येकाला निदान एका परक्या माणसाला आपलं सुखदुःख सांगून ठेवावंच लागतं. मला ते इतकं पटलं की मी ते नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हं."

पीएच.डी. झाली, पण बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. कायमची नोकरी लागली नाही. मेहकरला एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची, एका खोलीत भाड्यानं राहायची. मागच्या वर्षी तिला डेंग्यू झाला. ती त्या खोलीत एकटी पडून राहिली आणि वाडीत कुणाला काही कळलं नाही. मला सांगितलं ते चार महिन्यांनी, तेही मी माझ्या पोराच्या तापाचं रडगाणं लावलं होतं म्हणून. "मले झालता तवा पपईच्या पानाचा रस काई उपयोगाचा नाही वाटला," इतकंच म्हणाली. मी म्हटलं, "कोकिळे, एक फोन नाही करता आला तुले?" तर म्हणाली, "करून काय सांगू?"

त्या आजारपणानंतर तिनं ठरवलं की वाडीत परत यायचं. तिच्या भावाचं, गणेशचं घर आणि शेजारच्या अन्नपूर्णाबाईचं घर यांच्यामध्ये एक पट्टा आहे, तिथं तिची आई भिमाबाई कडबा रचायची. आता मोकळाच पडलाय. तिथं एक खोली बांधायची, सकाळी बीबीहून बस पकडून मेहकरला जायचं, संध्याकाळी घरी यायचं. "मले लय काई नको ताई," ती म्हणाली. "परत यायले एक दार पाह्यजे, आन् शेजारी कोनी खोकललं तं आयकू आलं पाह्यजे." स्वतःला काय हवं ते तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

गणेश भला माणूस. "आमच्यातच राह्य ना अक्का," तो म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. पण दोन खोल्यांत त्याची तीन पोरं, सोयाबीनची पोती आणि एक शिलाई मशीन. ती आली की जयमाला, म्हणजे त्याची बायको, पोती सरकवून तिला जागा करायची, पाहुण्यांचं ताट काढायची आणि भांड्यांना हात लावू द्यायची नाही. "तुमी बसा हो अक्का, तुमी दोन दिवस येता." अक्का बसायची. पाहुणचार संपला की पाहुण्यानं जायचं असतं, हे न सांगताच ठरलेलं असतं.

म्हणून तिला जागा हवी होती, स्वतःची. आणि जागा देणार बैठक.

तिनं काय केलं असेल? अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, विषय, संदर्भ, महोदय, सगळं. भगवानरावांच्या हातात नेऊन दिला. मी सोबत होते. म्हाताऱ्यानं तो उलटा-सुलटा पाहिला, गादीखाली सारला आणि विचारलं, "बरं. तुहा बोल्या कोन?"

आपल्या कोकिळाबाईनं त्या रीतीवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली होती, पुण्यात टाळ्या घेतल्या होत्या. ती रीत आपल्यालाही लागू आहे हे तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. मला हसू येत होतं. तिचा चेहरा पाहिला आणि ते जिरलं.

"पाह्यते," ती म्हणाली.

बैठकीला आठवडा होता. पहिल्यांदा आम्ही हरिओमकडं गेलो. तो तिच्यासोबत चौथीपर्यंत शिकलेला, आता बीबीच्या बाजाराला जीप मारतो. जीपखाली झोपून काहीतरी पिळत होता. ऐकून घेतलं, बाहेर आला, हात पुसत बसला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

"कोकिळे, मी उभा राह्यलो असतो. पन सांगू काय? माह्या बापाचं आन् काकाचं भांडन तुले माईत हाये. माह्यी बायको माहेरी काऊन गेलती थे माईत हाये. माह्या पोटातला अल्सर बी तुह्या त्या फोनमंदी हाये. तुहं मले काय माईत हाये बे?"

बे म्हटल्यावर तो ओशाळला. चौथीतली सवय.

"मी सांगते ना आता," कोकिळा घाईघाईनं म्हणाली. "इचार काय इचारतं थे."

"आता सांगशीन तं थे पढवल्यासारखं होईन. म्हातारा डोयात पाह्यते. तुहं काम बिघडीन आन् पुढच्या खेपेले माह्यावर बी कोनी इस्वास ठेवनार नाही."

त्याच्या बायकोनं चहा आणला. या वेळी कोकिळानं नको म्हटलं नाही. कप दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ बसली, चहा थंड झाला तरी.

मग ती घरोघर फिरली. ज्या ओसऱ्यांवर तिनं तासन् तास रेकॉर्डिंग केलं होतं, त्याच. कुणी अपमान केला नाही. उलट सगळे बस म्हणाले, भुईमुगाच्या शेंगा पुढं ठेवल्या. पण बोल्या व्हायचं म्हटलं की माणसं दाराच्या चौकटीकडं पाहायला लागायची. एक म्हातारी तर म्हणाली, "माय, तू लय चांगली पोरगी हायेस. पन चांगली हाये येवढंच मले माईत हाये." कोकिळा मला हे सांगताना हसली. मला ते हसणं सहन झालं नाही.

मी तडक भगवानरावांकडं गेले. माझा स्वभाव तसा आहे. पोटात राहत नाही. म्हटलं, मी उभी राहते तिच्यासाठी.

"मॅडम, तुमी वाडीच्या नाही ना," ते शांतपणे म्हणाले.

"सहा वर्सं झाली मले इथी. तुमची सारी पोरं माह्या हाताखालून गेली."

"गेली ना. तुमचे उपकार हायेत. पन उद्या तुमची बदली झाली तं? बोल्यानं बोललेलं त्याले जलमभर निभवा लागते. उद्या तिचं घर पडलं, दुखनं आलं, भांडन झालं, का पह्यले बोल्याले बलावतात. बोल्या म्हंजे जामीन. तुमी शनवारी घरी जाता." मग त्यांनी आत पाहून आवाज दिला, "मॅडमले चा ठेवा वं."

मी चहा न घेता निघाले. खोलीवर येऊन भाकरी अशी थापली की परातीनंही माफी मागितली असती. कसली रीत ही! ज्याला कुणी नाही त्याच्यासाठीच तर बैठक हवी, आणि हे म्हणतात आधी कुणीतरी आण. रागाच्या भरात मी स्वतःलाच तपासायला बसले. कोकिळाची झोप कशानं उडते? दार. बरोबर. तिचं दुखणं कोणतं? गेल्या वर्षीचा डेंग्यू. पण तो तर बरा झाला. आत्ताचं? ती शेवटची रडली कधी? मला माहीत नव्हतं. तिचं जिला सगळ्यांत जास्त माहीत ती मी, आणि माझ्याजवळ तीन प्रश्नांची दीड उत्तरं होती. तव्यावरची भाकरी करपली.

बैठकीच्या दिवशी ऊन छान होतं. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मधे भगवानराव घोंगडीवर. शाळा अर्धी सोडून मी कडेला जाऊन बसले. पाहुण्यांना बसायला मनाई नाही. आधी एक बांधाचं भांडण निघालं, मग एका पोराच्या सोयरिकीचं. दोन्ही बोल्ये तरबेज होते. एकानं तर ज्याच्यासाठी उभा होता त्याला कोणत्या कुशीवर घोरायची सवय आहे इथपर्यंत सांगितलं. माणसं हसत होती, मान डोलवत होती. कोकिळा बायांमध्ये बसली होती, पदर नीट घेऊन, हात मांडीवर. या वेळी फोन पिशवीत होता.

"इंद्रभान डाखोऱ्याच्या लेकीचं कोन बोलते?" भगवानरावांनी विचारलं.

कुणी उठलं नाही. गणेशनं मान खाली घातली. त्याला परवानगीच नव्हती. हरिओम नखं पाहत होता. मी आजवर शाळेत किती पोरांना उत्तर येत नाही म्हणून उभं केलं असेल, पण उत्तर येत नाही म्हणून सगळे बसून राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मग गुडघ्यावर हात देत अन्नपूर्णाबाई उठली. शेजारची विधवा म्हातारी, दुसऱ्या कुळातली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती आता कुणासाठी उभी राहण्याच्या पलीकडची, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"म्या बोलतो," ती म्हणाली.

भगवानरावांनी डोळे बारीक केले. "सांग. झोप कायनं उडते तिची?"

"अंधाराले भेते थे," अन्नपूर्णाबाई लगेच म्हणाली. "दिवा इजवला का उठून बसते. भिमा सांगे ना मले."

बायांमध्ये कुणीतरी हळूच हसलं.

"दुखनं कोनतं?"

"कान फुटते तिचा. उजवा. म्याच लसनाचं तेल टाकलं, दोन-चार खेपा."

"शेवटली कवा रडली?"

"थ्या दिवशी," म्हातारीचा आवाज बदलला. "वसतिगृहात धाडलं थ्या दिवशी. गाडीत बसेचना. माह्यं लुगडं धरून ठेवलं मुठीत. इंद्रभाननं एकएक बोट सोडवलं. म्या म्हनलं राहू दे रे तिले, पन माह्यं कोन आयकते."

आता कुणी हसत नव्हतं. कोकिळाची मान खाली गेली होती, इतकी की मला तिचा फक्त भांग दिसत होता.

भगवानराव हलक्या आवाजात म्हणाले, "अन्नपूर्णे, हे त्या पोरीचं झालं. थे सारं खरं हाये. आता या बाईचं सांग."

अन्नपूर्णाबाईनं कोकिळाकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, डोळ्यांवर हात धरून, लांबून कुणी येत असेल तर पाहतात तसं. "हे मले माईत नाही," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देत खाली बसली.

निकाल लगेच लागला. भगवानराव म्हणाले, पोरीला बैठक ओळखते. पोरीची जागा बापाच्या घरात आहे, आता ते गणेशचं आहे, तिथून तिला कुणी उठवू शकत नाही. बाईच्या जागेचं पुढच्या माघात पाहू, तोवर कुणी बोल्या मिळाला तर. सगळ्यांनी माना हलवल्या. न्याय झाला होता. मला त्या न्यायाचा इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. आणि तो चुकीचा कुठं आहे हे शोधायला गेले तर सापडेना, त्यानं आणखी संताप आला. तोवर पुढचं प्रकरण निघालं होतं, कुणाच्या तरी बैलाचं.

बैठक उठली तेव्हा दिवस कलला होता. मी गणेशच्या घरी गेले. कोकिळानं पिशवी भरली होती. हरिओमची जीप बीबीला जाणार होती, तिथून मेहकरची गाडी मिळाली असती. गणेश राहा म्हणत होता, जयमालानं ताट काढलं होतं, पाहुण्यांचंच. कोकिळा म्हणत होती, "नाही रे, सकाळी तास आहे." छापील भाषेत.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आली. ओसरीवर टेकली आणि कोकिळाचा हात धरून तिला शेजारी ओढून बसवलं, पिशवीसकट.

"म्या बैठकीत येडी झालो आज," ती म्हणाली. "येवढी मोठी बाई समोर बसेल हाये आन् म्या कानात तेल टाकून राह्यलो. बरं, जाऊ दे. साल हाये आपल्याजवय. पढवू नोको, नुसतं सांग. तू तिकडं काय खातं? सांजीले कोनाशी बोलतं? रडू आलं तं काय करतं?"

रस्त्यावर हरिओमनं हॉर्न वाजवला.

कोकिळानं तोंड उघडलं. आम्ही सगळे तिच्याकडं पाहत होतो; जयमाला दारात, गणेश खांबाला टेकून, मी पायरीवर. मग चेहरा आपोआप सरळ झाला, मान थोडी कलली, डोळ्यांत ते लक्ष देऊन ऐकणारं कौतुक आलं, आणि ती म्हणाली, "आजी, तुमचा गुडघा कसा हाये आता? जास्त दुखते का?"

"म्या तुले इचारलं, माय," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

हॉर्न पुन्हा वाजला. गणेश पळत गेला आणि हरिओमला थांबायला सांगून आला. अन्नपूर्णाबाईनं तिचा हात सोडला नव्हता. कोकिळा बसून होती. तिला सांगायचं होतं, सगळं सांगायचं होतं, ते मला पायरीवरून दिसत होतं. स्वतःचं सांगायला सुरुवात कुठून करतात, तेवढं तिला येत नव्हतं.